येते म्हण

आमच्या घरात ‘जाते’ म्हणायला बंदी होती. शाळेत निघा, नाहीतर कोपऱ्यावरच्या वाण्याकडे साखर आणायला निघा, दारातून पाऊल बाहेर टाकताना ‘येते’ म्हणायचं. कुणी चुकून ‘जाते’ म्हटलंच, तर आई हातातलं काम टाकून उंबऱ्यापर्यंत यायची आणि ‘येते म्हण’ असं दरडावून वदवून घ्यायची. तिचं म्हणणं, जातात ती मेलेली माणसं. जिवंत माणूस येतो. या नियमाची दुसरी बाजूही तेवढीच कडक होती. ज्या घरात कुणी गेलंय तिथून निघताना, किंवा मसणातून परतताना, ‘येते’ म्हणायचं नाही. मुकाट्याने निघायचं आणि मागे वळून बघायचं नाही.

लग्नानंतर चार महिन्यांनी माझा व्हिसा आला आणि मी नवऱ्याकडे अमेरिकेला निघाले. आयुष्यातलं पहिलं विमान. हातात पासपोर्ट, खांद्याला दोन पिशव्या, त्यातल्या एकीत आईने कोंबलेला कांदा-लसूण मसाला. विमानतळावर आनंदाच्या भरात मी आईच्या गळ्यात पडले, “चल आई, जाते!” म्हणाले आणि आत पळाले. काचेच्या पलीकडून तिचे ओठ हलताना दिसत होते. मला वाटलं, वेळेवर जेव म्हणतेय. मी जोरजोरात मान डोलवली. ती काय म्हणत होती ते तिच्या पहिल्या पत्रातून कळलं. निळ्या एरोग्रामवर, ख्यालीखुशालीच्याही आधी, तिने लिहिलं होतं, ‘जाते म्हणून गेलीस. मी तीनदा येते म्हण म्हटलं, तुला ऐकू गेलं नाही.’

दोन वर्षांनी माझं पहिलं मूल पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत बायोकेमिस्ट्री करणारी बाई. असं का होतं हे मला चांगलं फळ्यावर लिहून समजावून सांगता आलं असतं. तरी हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्या पडल्या मला आठवले ते काचेपलीकडचे हलणारे ओठ. आईने तिच्या पत्रात त्या शब्दाचा उल्लेख केला नाही. एरवी मी मीठ जास्त खाते याचाही उल्लेख करणारी बाई ती. तिने तो टाळला, यावरूनच मी ओळखलं की तिच्याही मनात तेच आलंय.

पुन्हा दिवस राहिले आणि सहावा महिना लागला तेव्हा, जूनमध्ये, आई सहा महिन्यांच्या व्हिसावर आली. बाबांना पेन्शनीच्या कामासाठी थांबावं लागलं. आईच्या बॅगेत साड्या चार आणि डिंक, अळीव, खारीक, बाळंतशेपा यांच्या पुड्या चाळीस. कस्टमच्या माणसाने एकेक पुडी हुंगून बघितली आणि शेवटी शिंकून तिला सोडून दिलं. घरी आल्याबरोबर तिने नियमांची यादी म्हणून दाखवली. तिन्हीसांजेला बाहेर बसायचं नाही. जड उचलायचं नाही. मयताच्या वाटेला तर मुळीच जायचं नाही, मयताचं नावही काढायचं नाही. मी हसायचे आणि सगळं पाळायचे. ‘ताकही फुंकून प्यावं’ ही म्हण मला तेव्हा पहिल्यांदा कळली.

आम्ही कनेक्टिकटमधल्या एका जुन्या, विद्यापीठाच्या गावात राहत होतो. आई दिवसभर घरात एकटी. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, बोलायला मात्र ती कचरत नसे. तिची पद्धत सोपी होती. मराठी वाक्य मनात जुळवायचं आणि येतील ते इंग्रजी शब्द त्याच क्रमाने बाहेर काढायचे. त्यामुळे पोस्टमनला, शेजारणीला, सुपरमार्केटच्या काउंटरवरच्या मुलीला ती निघताना तोंड भरून सांगायची, “अच्छा, आय कम!” सगळे हसून हात हलवायचे. कुणी मनावर घ्यायचं नाही.

जुलैतल्या एका बुधवारी माझी तपासणी होती. ती आटोपून आम्ही दोघी गावाच्या मधल्या मोठ्या मैदानावर बाकावर बसलो होतो. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. समोर विटांचं, उंच पांढऱ्या कळसाचं जुनं चर्च होतं आणि त्याचं दार सताड उघडं होतं. आई म्हणाली, “देवळासमोर बसून दर्शन न घेता जायचं का?” देव कुणाचाही असो, दारावरून परत फिरायचं नाही, हाही एक नियम होता.

पायरीशी आईने चपला काढल्या. माझ्याही काढायला लावल्या. आत गारवा होता, पांढऱ्या भिंती, पांढरे लांब बाक, आणि बाकी काहीच नाही. मूर्ती नाही, चित्र नाही. आई चहूकडे बघत राहिली.

“देव कुठाय गं?”

“इथे नसतो तसा देव, आई.”

“असं कसं? एवढं मोठं देऊळ रिकामं बांधलंय होय?”

तेवढ्यात एक म्हातारी अमेरिकन बाई लंगडत आमच्याकडे आली. सत्तरीच्या पुढची असावी. भर जुलैत लोकरी स्वेटर घातलेला, गळ्यात दोरीने अडकवलेला टॉर्च. तिने आमच्या अनवाणी पायांकडे बघितलं. दर बुधवारी ती लोकांना चर्चखालची क्रिप्ट दाखवते, म्हणाली, आणि आज कुणीच आलेलं नाही. आम्हाला बघायची आहे का? क्रिप्ट हा शब्द मला अर्धवट माहीत होता. प्रयोगशाळेत जे नीट दिसत नाही त्याला आम्ही क्रिप्टिक म्हणायचो. त्यावरून मी ताडलं की काहीतरी गुप्त जागा, तळघर वगैरे असणार. मी आईला तसं सांगितलं. आईचा चेहरा उजळला. “बघ! वर नाही म्हणजे खाली असणार. आपल्या महादेवाच्या गाभाऱ्यात नाही का उतरून जावं लागत?” आणि पदर खोचून ती जिना उतरायला लागलीसुद्धा.

खाली छत इतकं बुटकं की हात वर केला तर लागावं. विटांची जमीन, अंतराअंतरावर जाड खांब, आणि त्यांच्या मधेमधे जमिनीत रोवलेले दगड. शंभरावर असतील. काही काळे, पाटीसारखे, काही तांबूस. आमच्या मागून उतरलेल्या बाईने टॉर्च लावला आणि सांगायला सुरुवात केली. हे गावाचं सगळ्यात पहिलं दफनस्थान. दोनशे, तीनशे वर्षांपूर्वीची माणसं. नवं चर्च बांधताना ही थडगी हलवायची नाहीत असं ठरलं, म्हणून त्यांच्यावरच चर्च उभं केलं. माणसं अजून इथेच आहेत, ती आपल्या पायांखालच्या विटांकडे बोट दाखवत म्हणाली, आमच्या अनवाणी पायांखालच्या.

माझ्या तळव्यांना एकदम गार लागलं. मी सातव्या महिन्याची, आणि नियमांची यादी पाठ असलेली.

“काय म्हणतेय?” आईने विचारलं.

मी बेधडक खोटं बोलले. “जुन्या देणगीदारांची नावं आहेत म्हणतेय. चर्च बांधायला ज्यांनी मदत केली त्यांची.”

आपल्याकडे देवळाच्या फरशांवरसुद्धा देणगीदारांची नावं असतात, तेव्हा ते खपण्यासारखं होतं. आईने मान डोलवली. ती एकेका दगडासमोर हात जोडत पुढे गेली. तिच्या पर्समध्ये नेहमी एक छोटी कुंकवाची डबी असायची, ती तिने काढली. मी घाबरून “आई, दगडांना हात नाही लावायचा इथे” म्हणेपर्यंत ती एका अगदी छोट्या दगडासमोर वाकली होती. बाई म्हणाली की हा नऊ दिवसांच्या बाळाचा आहे, नाव नाही, नुसतं ‘मुलगा’ एवढंच कोरलंय. हे मी आईला सांगितलं नाही. आई तशीच वाकून बराच वेळ बघत राहिली. मग तिने डबीचं झाकण लावलं आणि डबी पर्समध्ये टाकली. मला वाटलं, आपलं ऐकलं.

वर यायला आम्ही जिन्याशी आलो. बाईने वहीत माझं नाव आणि फोन नंबर लिहून घेतला. आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवता ठेवता आई मागे वळली, बाईकडे आणि तिच्यामागच्या त्या सगळ्या अंधाराकडे बघून हसली, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “अच्छा, आय कम!”

मी कठड्याला धरलं. मसणात उभं राहून, पोटुशी लेक शेजारी असताना, माझी आई मेलेल्यांना ‘येते’ म्हणाली होती. आणि मला ते तिला सांगताही येत नव्हतं.

घरी आल्यावर आईने मला केसांवरून आंघोळ करायला लावली. उन्हातून आलीस म्हणाली. मग मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या माझ्यावरून उतरवून विजेच्या शेगडीच्या तापलेल्या गोल तारेवर टाकल्या. छतावरचा धुराचा अलार्म ठणाणा करायला लागला. नवरा नुकताच ऑफिसातून आला होता, तो खुर्चीवर चढून टॉवेलने त्याला वारा घालत म्हणाला, “काय यार आई, फायर ब्रिगेड येईल!” दृष्ट काढणं हे तिचं आठवड्यातून एकदा चालायचंच. मी त्यात काही वेगळं बघितलं नाही. मी माझ्याच घोरात होते. असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि ज्या गोष्टीवर विश्वास नसतो ती इतक्यांदा सांगावी लागत नाही हेही मला कळत होतं.

पुढच्या बुधवारी सकाळी अकराला प्रयोगशाळेत आईचा फोन आला. “अगं, ती चर्चमधली बाई थांबलीय माझ्यासाठी. फोन केला होता तिने. वेट वेट म्हणतेय, टी म्हणतेय.”

मी चर्चला फोन लावला. म्हातारीच बोलली. “तुमची आई येते म्हणाली होती ना? मी दोन कप काढून ठेवलेत.” तिच्या आवाजात इतकी अपेक्षा होती की मला खरं सांगवेना. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आईचं ‘आय कम’ कुणीतरी मनावर घेतलं होतं.

मी आईला समजावलं की तिचा गैरसमज झालाय, आपण सॉरी म्हणू, झालं. आई ऐकेना. “येते म्हटलं ना मी? मग जायला नको?” तिला अडवायचं तर कारण सांगायला हवं होतं. कारण सांगायचं तर सातव्या महिन्यात आपण कुठे उतरलो होतो हे सांगायला हवं होतं. शेवटी मी जेवणाच्या सुट्टीत तिला गाडीने सोडून आले.

तेव्हापासून दर बुधवारचा तो नेमच झाला. मी आईला चर्चच्या दाराशी सोडायचे, आणि काम संपलं की घ्यायला जायचे. मला ती खाली उतरू देत नसे. “पायऱ्या उंच आहेत, तू वरच बस.” मी त्या पांढऱ्या बाकावर बसायचे आणि खालून दोघींचा आवाज ऐकायचे. आई मराठीत, म्हातारी इंग्रजीत, आणि दोघींचं उत्तम चाललेलं. आईने पहिल्याच दिवशी झाडू मागून घेतला होता. दगड तिला पाण्याने धुवायचे होते, पण म्हातारीने तिला थांबवलं. पाण्याने दगडाचे पापुद्रे सुटतात. फक्त मऊ ब्रश, तोही कोरडा, आणि वरून खाली. आईला ते पटलं. घरी येऊन ती मला ब्रश कसा धरायचा ते चमच्याने दाखवायची. म्हातारीच्या पेपरमिंटच्या गोळ्या आईच्या पर्समध्ये आल्या आणि आईची मेतकुटाची बाटली चर्चच्या स्वयंपाकघरात गेली. अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदाच आई कंटाळल्यासारखी दिसत नव्हती. मला बरं वाटायचं, पण भीती काही सुटायची नाही, कारण दर बुधवारी निघताना जिन्याच्या तळाशी ते “आय कम” मला वर स्पष्ट ऐकू यायचं.

एकदा आई हात धुवायला गेली असताना मी म्हातारीला गाठून सांगितलं की खाली थडगी आहेत हे आईला ठाऊक नाही, आमच्यात गरोदरपणी हे चालत नाही, तेव्हा तुम्ही कृपा करून तिला सांगू नका. म्हातारीने तोंड उघडलं. “पण ती तर...” एवढं म्हणाली आणि थांबली. माझ्याकडे बघितलं, माझ्या पोटाकडे बघितलं, आणि स्वेटरचं बटण लावत म्हणाली, “ठीक आहे. मी काही बोलणार नाही.”

आठव्या महिन्यात एका सोमवारी सकाळी मला रक्त दिसलं.

हॉस्पिटलमध्ये त्यांनी पोटाला पट्टे बांधले. ठोके ऐकू येईपर्यंतचा वेळ किती होता कुणास ठाऊक. नवऱ्याने माझा हात धरला होता. मी मनातल्या मनात त्या तळघरातल्या एकेका दगडापुढे उभी राहून माफी मागत होते, शास्त्रज्ञ बाई मी. मग ठोके आले, घाईघाईचे, घोड्याच्या टापांसारखे, आणि मी मोठ्याने रडले. मंगळवारी त्यांनी मला घरी पाठवलं. उठायचं नाही, पडून राहायचं.

बुधवारी सकाळी बघते तर आई साडी नेसून, केस विंचरून तयार.

“कुठे निघालीस?”

“बुधवार आहे ना.”

माझा तोल गेला. “मी इथे अशी पडलेय आणि तुला तिथे झाडू मारायला जायचंय? ती म्हातारी महत्त्वाची आहे का मी? तू आलीस कशाला इथे?”

आईने ऐकून घेतलं. उशाशी पाणी ठेवलं, शेजारणीला येऊन बसायला सांगितलं. “जायलाच हवं,” एवढंच म्हणाली. आणि जिला इंग्रजी पाटी वाचता येत नव्हती ती माझी आई त्या दिवशी एकटी बसने गेली. बसचा नंबर तळहातावर पेनाने लिहून. मी छताकडे बघत तिच्यावर चरफडत राहिले. जन्मदात्या आईवर मी इतकी कधीच रागावले नव्हते. ती तीन तासांनी आली, कपाळाला घाम, हातात पेपरमिंटची गोळी. ती माझ्या तोंडात घातली आणि कुकर लावायला गेली. आम्ही दोन दिवस एकमेकींशी कामापुरतं बोललो.

सप्टेंबरच्या शेवटी मुलगी झाली. धडधाकट, काळ्याभोर जावळाची, आणि आवाज असा की धुराच्या अलार्मने लाजावं. आईने डिंकाचे लाडू केले, शेक-शेगडीच्या ऐवजी हीटरपुढे बसवून मला शेकलं, आणि बारशाला न्यू जर्सीहून आलेल्या काकूंना मोठ्या ऐटीत सांगितलं की बुधवारी आपल्याला वेळ नसतो. घरात इतकी शांतता आणि इतका गोंगाट एकाच वेळी कसा असतो ते मला त्या हिवाळ्यात कळलं. मी खूप खूश होते. नुसती खूश, दुसरं काही नाही.

डिसेंबरात आईचा व्हिसा संपत आला. शेवटच्या बुधवारी आम्ही सगळेच चर्चमध्ये गेलो. बाहेर घोटाभर बर्फ. नवरा मुलीला घेऊन वर बाकावर बसला. आई मला म्हणाली, “चल, आता तू उतरलीस तरी चालेल.” त्या ‘आता’चा अर्थ माझ्या तेव्हा लक्षात आला नाही.

खाली सगळं तसंच होतं, फक्त विटा लखलखीत. आईने ब्रश घेतला आणि त्या छोट्या दगडावरून वरून खाली एकदाच फिरवला. म्हातारी टॉर्च धरून उभी होती. मग आई जिन्याशी आली आणि वळली. मी नेहमीच्या शब्दाची वाट बघत उभी राहिले. आई हसली नाही. दोन्ही हात जोडून, सरळ उभी राहून, ती मराठीत म्हणाली, “जाते.”

उभ्या जन्मात मी तिच्या तोंडून तो शब्द कधी ऐकला नव्हता.

म्हातारी चहा करायला गेली. आम्ही दोघी वर बाकावर बसलो. मी म्हणाले, “आई, तू जाते म्हणालीस.”

“हो.”

“खाली काय आहे ते तुला...”

“थडगी आहेत,” आई म्हणाली. “उशीएवढा दगड होता गं तो. एवढा दगड कुणाला ठेवतात, हे कळायला इंग्रजी लागतं होय?”

मी विचारलं, “मग पहिल्या दिवशी आय कम कशाला म्हणालीस?”

“जीभच ती. सवयीने बोलून गेले आणि जिन्यात कळलं, कुणाला बोलले ते. तू शेजारी, अशी. पण तू देणगीदार म्हणालीस ना. मी म्हटलं, पोरीने माझ्यासाठी लपवलंय, तर मी घाबरले हे तिला कशाला सांगू? तू माझ्यापासून लपवलंस, मी तुझ्यापासून. फिटंफाट. त्या बाईला मी दुसऱ्याच बुधवारी तोंडावर बोट ठेवून सांगितलं होतं, डॉटर नो टेल.”

म्हातारीचं ते अर्धवट राहिलेलं ‘पण ती तर’ मला आता कळलं. बिचारीला आम्ही दोघींनीही गप्प बसवलं होतं.

“आणि मग दर बुधवारी का जात राहिलीस?”

“येते म्हटलं होतं ना.” आई मला लहान मुलाला सांगावं तसं सांगायला लागली. “कबूल करून आपण गेलो नाही तर माणूस वाट बघतं. वाट बघून कंटाळलं की उठून बघायला येतं, का बरं आली नाही म्हणून. म्हटलं, त्यांनी आपल्या दारात यायच्या आधी आपणच त्यांच्या दारात जावं. ठरलेल्या दिवशी, चुकवायचं नाही. म्हणजे त्यांना यायला कारण उरत नाही.”

“म्हणून त्या दिवशी बसने...”

“त्या दिवशी तर जायलाच हवं होतं. एकेकाला सांगून आले, ही बघा मी आलेय, तिच्याकडे कुणी जायचं नाही.” तिने पदराने नाक पुसलं. “पहिलं गेलं तेव्हा मी इथे नव्हते. या वेळी होते.”

मी त्या बुधवारी तिला काय काय बोलले होते ते मला शब्दन् शब्द आठवलं. मी तिच्या मांडीवर डोकं टेकलं आणि ती माझ्या केसांतून हात फिरवत राहिली. नवरा चार बाक सोडून मुलीला जोजवत होता आणि आमच्याकडे न बघण्याची पराकाष्ठा करत होता.

निघताना आईने डबी उघडून म्हातारीच्या कपाळावर कुंकू लावलं. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, हे मी आईच्या कानात सांगितलं. “असू दे. बाई आहे ना?” आई म्हणाली. मग दारात तिने म्हातारीचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, “आय कम.”

“मला माहीत आहे,” म्हातारी म्हणाली. “तू ‘येते’ म्हणालीस, की येतेसच.”

दोन दिवसांनी न्यू यॉर्कच्या विमानतळावर आई मोठा कोट घालून, त्याच्याखाली नऊवारीचा काठ दाखवत उभी होती. नऊवारी तिने मुद्दाम नेसली होती, बाबांनी लांबूनच ओळखावं म्हणून. पुड्यांच्या जागी आता बॅगेत पेपरमिंटचा डबा होता. तिने मुलीच्या टाळूवर ओठ टेकले, तिला माझ्याकडे दिलं, माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाली, “येते हं.”

“ये,” मी म्हणाले.

ती चार पावलं गेली असेल. मी मुलीला छातीशी धरून तिच्यामागे धावले. मधे काच नव्हती, ती मला स्पष्ट दिसत होती.

“आई! मी येते!”

ती वळली. आजूबाजूची माणसं बघायला लागली, कारण जात होती ती आणि येते म्हणून ओरडत होते मी.

“पुढच्या हिवाळ्यात येते, हिला घेऊन,” मी म्हणाले. “तेव्हा म्हणायचं राहिलं होतं गं. येते.”

आईने माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग उंबऱ्यावर उभी असल्यासारखी मान हलवली.

“ये,” ती म्हणाली.